जमीन, चाक आणि पायडल
सायकलच्या मापाचा दोनशे वर्षांचा इतिहास

सायकलची सीट किती उंच असावी, असं वर्गात विचारलं तर एक उत्तर हमखास येतं : "दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत." घरोघरी मुलांना सायकल शिकवताना हेच सांगतात आणि दुकानात नवी सायकल जोडून देतानाही बहुतेक वेळा हाच हिशेब असतो. उत्तर सोपं आहे, सुरक्षितही वाटतं. पण अशा सायकलवरून चार-पाच किलोमीटर गेलं की गुडघे भरून येतात, मांड्या दुखतात, जरासा चढ आला की उतरून चालावं लागतं. मग आपण म्हणतो, "सवय राहिली नाही", किंवा "वय झालं आता". सायकलच्या मापाबद्दल सहसा कुणी शंका घेत नाही.

गंमत अशी, की हे उत्तर १८१७ साली अगदी बरोबर होतं. त्यानंतर सायकलचं यंत्र दोनदा मुळापासून बदललं आणि दोन्ही वेळा 'सीटची उंची कशावरून मोजायची' या प्रश्नाचं उत्तरही बदललं. आधी ती जमिनीवरून मोजली जात होती, मग चाकावरून आणि शेवटी पायडलवरून. यंत्र तिसऱ्या टप्प्यावर पोचलं, आपला हिशेब मात्र पहिल्याच टप्प्यावर रेंगाळला आहे. असं का झालं आणि त्यात काय बिघडतं, ते या तीन मापांच्या इतिहासातून पाहू.

पहिलं माप : जमीन

जर्मनीतल्या बाडेन राज्यात कार्ल फॉन ड्राइस हा वनखात्यातला अधिकारी होता. १२ जून १८१७ रोजी तो मानहाइम शहरातून स्वतः बनवलेल्या दोनचाकी लाकडी गाडीवर बसून निघाला आणि श्वेट्झिंगनच्या रस्त्यावरच्या घोडे बदलण्याच्या ठाण्यापर्यंत जाऊन परत आला. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटर अंतर त्याने तासाभराच्या आत कापलं. या गाडीला पायडल नव्हते, चेन नव्हती. दोन चाकांच्या मधल्या दांड्यावर बसायचं आणि पायांनी जमीन मागे रेटत जवळजवळ पळायचं, अशी ही गाडी. म्हणूनच तिचं नाव 'लाउफमाशीन', म्हणजे धावयंत्र.

इथे पायडलचं काम जमीनच करत होती. सीट फार उंच असेल तर पाय पोचणार नाहीत आणि गाडी हलणार नाही. सीट फार खाली असेल तर गुडघे दुमडतील आणि रेटायला जोर येणार नाही. म्हणजे गाडीची उंची बसणाऱ्याच्या पायाच्या लांबीशी थेट बांधलेली होती. ड्राइसने पुढच्या बाजूला हात टेकायला एक गादी लावलेली फळीही बसवली होती. शरीराचा भार बैठक, पाय आणि हात यांत वाटून द्यायचा, हा विचार पहिल्याच यंत्रात होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१८१८ साली लंडनच्या डेनिस जॉन्सन या बग्गीवाल्या कारागिराने या गाडीची सुधारलेली आवृत्ती काढून इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी त्याने मधला दांडा खाली वाकवलेली एक गाडी बनवली, ती लांब झगा घालणाऱ्या स्त्रियांसाठी. यंत्र कुणाच्या शरीराला बसतं आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न दोनचाकीच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे.

दुसरं माप : चाक

१८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल जोडलेल्या गाड्या आल्या. पिएर मिशो याचा कारखाना त्यांसाठी प्रसिद्ध झाला. पिएर लालमां या दुसऱ्या कारागिराने १८६६ साली अमेरिकेत अशा गाडीचं पेटंट मिळवलं. पाय जमिनीवरून सुटले तो हा क्षण. पण सुटलेले पाय आता चाकाला बांधले गेले.

पायडल थेट चाकाला जोडलेला असला की पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाकाचा व्यास १ मीटर असेल तर एका फेऱ्यात गाडी ३.१४ मीटर जाईल. जास्त वेग हवा तर पाय जास्त भराभर फिरवायचे किंवा चाक मोठं करायचं. पाय भराभर फिरवण्याला मर्यादा आहे, तेव्हा चाक मोठं होत गेलं. १८७० साली जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी इंग्लंडमध्ये 'एरियल' नावाच्या सायकलचं पेटंट घेतलं आणि पुढे पंधरा वर्षं ती उंच चाकाची, मागे इवलंसं चाक असलेली सायकल युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांवर दिसू लागली.

चाक किती मोठं करायचं? ज्याच्यावर बसून पाय पायडलपर्यंत पोचतील तेवढं. म्हणून गिऱ्हाईक दुकानात गेलं की आधी त्याच्या पायाची लांबी पाहायची आणि त्यावरून ४८ इंची, ५२ इंची, ५६ इंची असं चाक निवडायचं. बूट मापाने घेतात तशी सायकल मापाने मिळत होती. पण या मापाची एक विचित्र गोष्ट होती. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावं.

समजा, एक उंच माणूस १.५ मीटर व्यासाच्या चाकावर बसला आहे आणि एक बुटका माणूस १.२५ मीटरच्या. दोघंही मिनिटाला ६० फेरे मारतात. उंच माणसाच्या चाकाचा परीघ ४.७१ मीटर, म्हणजे त्याचा वेग ताशी सुमारे १७ किलोमीटर. बुटक्याच्या चाकाचा परीघ ३.९३ मीटर, म्हणजे वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर. दोघांनी सारखेच फेरे मारले, पण तीन किलोमीटरचा फरक केवळ हाडांच्या लांबीने पडला. आणखी एक अडचण म्हणजे माणूस जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, जवळजवळ पुढच्या आसाच्या डोक्यावर बसलेला. चाकाखाली दगड आला की तो हँडलवरून पुढे, डोक्यावर आपटायचा. झगा घातलेल्या स्त्रिया, मुलं, वयस्क माणसं या सायकलच्या वाटेला जाऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी तीनचाकी होत्या, पण त्या जड आणि महाग.

या काळाची एक खूण अजून शिल्लक आहे. इंग्लंड-अमेरिकेत सायकलचा गिअर आजही कधीकधी इंचांत सांगतात. पुढच्या दातेरी चाकाचे दाते भागिले मागच्या चाकाचे दाते, गुणिले मागच्या चाकाचा व्यास. समजा, पुढे ४४ दाते, मागे १८ आणि चाक २८ इंची. उत्तर येतं सुमारे ६८ इंच. याचा अर्थ, चेनच्या साध्या सायकलवर बसलेली मुलगी एका फेऱ्यात तेवढंच अंतर जाते, जेवढं ६८ इंची उंच चाकावर बसलेला माणूस गेला असता. पण ६८ इंच म्हणजे १ मीटर ७३ सेंटिमीटर. एवढ्या चाकावर बसून पायडलपर्यंत पाय पोचेल असा माणूस शोधूनही मिळणं अवघड.

तिसरं माप : पायडल

हे शक्य केलं चेनने. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल आणली. हा जेम्स स्टार्लीचा पुतण्या. जवळजवळ सारख्या उंचीची दोन चाकं, मध्ये पायडल आणि पायडलपासून मागच्या चाकापर्यंत चेन. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर बनवला आणि छोट्या चाकांना बसणारे धक्के सुसह्य झाले. १८९० च्या सुमाराला चौकटीला आजचा ओळखीचा आकार आला.

चेनमुळे वेग वाढला, पडण्याची भीती कमी झाली, हे आपण पुस्तकांत वाचतो. पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी झाली, की पायाची लांबी आणि वेग यांची फारकत झाली. वेग दात्यांच्या गुणोत्तराने ठरू लागला आणि सीटची उंची पूर्णपणे माणसाच्या सोयीवर सोडता आली. चौकटीच्या उभ्या नळीत सीटचा दांडा सरकवायचा आणि नट आवळायचा. एकच यंत्र, पण पाच मिनिटांत दुसऱ्या शरीराला बसतं.

आता मोजायचं कशावरून? पाय जोर लावतो तो पायडलवर, तेव्हा पायडलवरून. त्याचं कारण गुडघ्यात आहे. वर्गात मुलांना आधी गुडघे किंचित वाकवून अर्धा मिनिट उभं राहायला सांगा. मग खुर्चीवर बसल्यासारखे, पण खुर्चीशिवाय, गुडघे काटकोनात वाकवून तेवढाच वेळ थांबायला सांगा. शरीराचं वजन तेच, तरी दुसऱ्या वेळी मांड्या थरथरू लागतात. गुडघा जास्त वाकला की वजनाची रेषा सांध्यापासून दूर जाते. तरफेचा भुजा लांबतो आणि मांडीच्या स्नायूला कितीतरी जास्त ओढ द्यावी लागते. त्या ओढीने गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. खाली सीट असलेल्या सायकलवर प्रत्येक फेऱ्यात हेच घडतं. पायडल सर्वांत खाली असतानाही पाय जेमतेम अर्धाच उघडतो.

सीट गरजेपेक्षा उंच केली तर दुसरं दुखणं येतं. पायडल गाठायला कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकते, घासून त्वचा सोलते आणि टाच वर राहिल्याने पोटरी भरते. योग्य उंची या दोन्हींच्या मध्ये आहे. पायडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ, पण ताठ नाही.

एक पेच मात्र उरतो. पायडलच्या मापाने बसवलेल्या सीटवरून दोन्ही तळपाय जमिनीला टेकत नाहीत. टेकलीच तर बोटं टेकतात. थांबताना सीटवरून पुढे सरकून खाली उतरायचं आणि एक पाय जमिनीवर ठेवायचा, हे वेगळं कौशल्य आहे आणि ते मुद्दाम शिकावं लागतं. बहुतेकांना ते कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून आपण चालवतो स्टार्लीची सायकल आणि बसतो मात्र ड्राइसच्या मापाने.

दोष शरीराचा की सीटचा?

उंचीचा प्रश्न सुटला तरी बसण्याचा प्रश्न राहतोच. तळहात खाली घालून लाकडी बाकावर बसलं तर दोन टणक हाडं हातांना टोचतात. ही बैठकीची हाडं. शरीराचा भार पेलण्यासाठीच ती आहेत. त्यांच्या मधला भाग मऊ असतो, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. सीट अरुंद असली किंवा तिचं टोक वर उचललेलं असलं तर भार हाडांवरून सरकून या मऊ भागावर येतो. मग मुंग्या येतात, बधिरपणा येतो.

बर्मिंगहॅमचा चामड्याचा व्यापारी जॉन बोल्टबी ब्रुक्स याचा घोडा मेला, म्हणून त्याने उसनी सायकल घेतली आणि तिच्या सीटने तो हैराण झाला, अशी कथा ब्रुक्स कंपनी सांगते. १८८२ साली त्याने चामड्याच्या सीटचं पेटंट घेतलं. लोखंडी सांगाड्यावर झोळीसारखं ताणलेलं चामडं हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खोलगट होत जातं. शरीराने यंत्राशी जुळवून घ्यावं, त्याऐवजी यंत्रानेच शरीराचा ठसा घ्यावा, ही कल्पना त्यात होती.

१८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या, तेव्हा या प्रश्नाला वेगळंच वळण लागलं. सायकलमुळे स्त्रियांच्या शरीराला इजा होईल, वाकून बसल्याने कुबड येईल, तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा कायमचा ओढलेला होईल, अशा इशाऱ्यांनी त्या वेळची वृत्तपत्रं आणि वैद्यकीय नियतकालिकं भरलेली दिसतात. चेहऱ्याच्या या कल्पित रोगाला तर 'सायकली चेहरा' असं नावच पडलं होतं. यातली बरीच भीती पोकळ होती. पण अरुंद सीटवर दुखतं, ही तक्रार खरी होती. स्त्रियांची बैठकीची हाडं सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात आणि सीट मात्र पुरुषांच्या मापाने बनलेल्या.

एकाच तक्रारीला दोन उत्तरं मिळाली. काही डॉक्टर म्हणाले, स्त्रियांनी सायकल चालवू नये. काही कारागीर म्हणाले, सीट बदलून पाहू. अमेरिकेत स्पॉल्डिंग कंपनी 'क्रिस्टी' नावाची सीट विकत होती. तिच्यात दोन हाडांसाठी दोन वेगळ्या गाद्या होत्या आणि मधली जागा मोकळी सोडलेली होती. पुढे रुंद सीट, मध्ये खाच असलेली सीट असे अनेक प्रकार निघाले. आज मागे वळून पाहताना कुणी योग्य प्रश्न विचारला होता, ते सांगायची गरज नाही.

मधली मोकळी जागा पुढे बराच काळ विसरली गेली आणि शंभर वर्षांनी पुन्हा शोधली गेली. १९९७ साली बोस्टनच्या अर्विन गोल्डस्टीन या मूत्ररोगतज्ज्ञाने सीटच्या दाबामुळे पुरुषांना होणाऱ्या त्रासाबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा सायकल व्यवसायात मोठी खळबळ उडाली. त्यानंतर खाच असलेल्या सीट पुन्हा बाजारात आल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार-आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिनटोकाची सीट वापरायला दिली. या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. मऊ भागावरचा दाब आणि बधिरपणा स्पष्टपणे कमी झाला होता.

आरामाला बंदी

यंत्र शरीराला जुळवण्याच्या वाटेत नियमही आडवे येतात. फ्रान्समधल्या शार्ल मोशे याने पाठीवर रेलून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल बनवली. तिच्यावर भार पाठीवर आणि रुंद बैठकीवर येतो, हातांवर आणि मानेवर ताण येत नाही, शिवाय हवेचा रोधही कमी. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर या सायकलपटूने पॅरिसमध्ये तिच्यावरून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि १९१४ पासून अबाधित असलेला ऑस्कर एगचा विक्रम मोडला.

फॉर हा काही पहिल्या रांगेतला सायकलपटू मानला जात नव्हता. तेव्हा विक्रम माणसाचा की यंत्राचा, असा वाद पेटला. १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली, की मोशेची गाडी तिच्यात बसेना. शर्यतीत सगळ्यांना सारखं यंत्र असावं, या आग्रहात तथ्य आहे. पण त्याचा परिणाम असा झाला, की पुढच्या काळात कारखान्यांचं लक्ष शर्यतीत चालणाऱ्या आकारावरच राहिलं. रोज शाळेत, कामावर जाणाऱ्या माणसाची सोय हा गौण विषय झाला.

सूत्रं आणि त्यांच्या मर्यादा

सीटची उंची प्रयोगाने ठरवण्याचा एक गाजलेला प्रयत्न इंग्लंडमधल्या लफबरो इथे हॅम्ली आणि टॉमस या संशोधकांनी केला. तो १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा : पायाची आतली लांबी, म्हणजे जमिनीपासून जांघेपर्यंतचं अंतर, मोजा. सर्वांत खाली असलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर तिच्या १०९ टक्के ठेवा. १९८० च्या दशकात दुसरं सूत्र प्रसिद्ध झालं. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्याच्या संघातला अमेरिकन विजेता ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ते ओळखलं जातं. पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३ म्हणजे क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर.

ही दोन सूत्रं ताडून पाहू. पायाची आतली लांबी ८० सेंमी धरली तर पहिल्या सूत्राने ८७.२ सेंमी येतात. त्यातून क्रँकची लांबी १७ सेंमी वजा केली की ७०.२ उरतात. दुसऱ्या सूत्राने येतात ७०.६. दोन देशांत, दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या उत्तरांत फरक फक्त ४ मिलिमीटरचा.

तरीही हे सूत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९९४ साली होम्स, प्रुइट आणि व्हेलन यांनी लांबीऐवजी कोन मोजावा असं सुचवलं. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ रेषेपासून २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. पुढे विलर्ड पेव्हलर याने या पद्धतींची तुलना केली, तेव्हा लांबीच्या सूत्राने बसवलेल्या अनेक जणांचा गुडघा या कोनात बसत नाही, असं दिसलं. कारण उघड आहे. दोन माणसांच्या पायाची एकूण लांबी सारखी असली तरी एकाची मांडी लांब असेल, दुसऱ्याची नडगी, तिसऱ्याचं पाऊल.

दुसरा एक लोकप्रिय नियम असा, की क्रँक आडवा असताना गुडघा बरोबर पायडलच्या आसावर, ओळंब्यात असावा. अमेरिकन सायकल-रचनाकार कीथ बॉन्ट्रेगर याने त्यावर नेमका आक्षेप घेतला. ओळंबा गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवतो. पण रेलून चालवायच्या सायकलवर गुडघा पायडलच्या वर येतच नाही, तरी माणूस उत्तम पायडल मारतो. म्हणजे हा नियम सोयीची खूण आहे, निसर्गनियम नाही. सूत्र पहिला अंदाज देतं, निकाल शरीराने द्यायचा असतो.

आपल्याकडची सायकल

भारतात सायकल इंग्लंडहून आली, ती तिथल्या प्रौढ पुरुषाच्या मापाची. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासमध्ये टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला अॅटलास, १९५६ साली लुधियानात हीरो असे कारखाने निघाले. त्यांनीही तीच दणकट, २८ इंची चाकांची काळी सायकल लाखोंनी बनवली. दूधवाल्याला, पोस्टमनला, ओझं वाहणाऱ्याला ती उत्तम होती. स्वस्त होती, कुठेही दुरुस्त व्हायची. पण चौकटीची मापं मोजकी, मुख्यतः २२ आणि २४ इंची. घरात एकच सायकल, आणि आजोबांपासून नातीपर्यंत सगळ्यांना तीच.

२२ इंच म्हणजे सुमारे ५६ सेंमी. ही चौकटीच्या उभ्या नळीची लांबी. दहा वर्षांच्या मुलाच्या पायाची आतली लांबी साधारण ६० सेंमी धरली तर सूत्राप्रमाणे त्याला सीट हवी ५३ सेंमीवर. म्हणजे सीट काढून टाकून नळीच्या टोकावर बसवलं तरी ते उंचच! मग मुलांनी काय केलं? आडव्या नळीखालून उजवा पाय पलीकडे घातला, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने सीट कवटाळली आणि 'हाफ पायडल' मारत गावभर फिरली. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या अशाच सायकल शिकल्या. ती मुलांची कल्पकता होती यात शंका नाही. पण ती वाकडी-तिरकी कसरत त्यांना करावी लागली, कारण यंत्र त्यांच्या मापाचं नव्हतं.

आज लहान मुलांच्या सायकली मिळतात आणि शाळेत जाणाऱ्या मुलींच्या हाती सरकारी योजनांतूनही सायकल येते. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार माध्यमिक शाळेत योग्य वयात नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. हा परिणाम मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून दूरच्या गावांत दिसला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्यात आल्या आहेत.

आता मघाचं गणित पुढे नेऊ. ६८ इंची गिअरवर एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४६ मीटर जाते. शाळा ५ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० किलोमीटरला सुमारे १,८३० फेरे होतात. वर्षाला २०० दिवस धरले तर साडेतीन लाखांहून जास्त. उतारावर पायडल थांबवले तर थोडे कमी. म्हणजे आठवीतल्या मुलीचा प्रत्येक गुडघा वर्षाला लाखो वेळा वाकणार आहे. तो योग्य कोनात वाकतो की चुकीच्या, हे सीटखालच्या एका नटावर अवलंबून आहे. तीन किलोमीटरला थकणारी मुलगी आणि सहज शाळेत पोचणारी मुलगी यांच्यात कधीकधी पाच-सात सेंटिमीटरचाच फरक असेल.

करून पाहा

जोडीजोडीने काम करावं. मुलाने अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहावं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, पाठीचा कणा वर येईल असं आडवं धरून, सीटवर बसल्याइतका दाब येईपर्यंत वर घ्यावं. भिंतीवर खूण करून जमिनीपासूनचं अंतर मोजावं. त्याला ०.८८३ ने गुणावं. ७० सेंमी लांबी असेल तर उत्तर ६१.८ सेंमी. क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत, उभ्या नळीच्या रेषेत एवढं अंतर ठेवावं. लहान सायकलींचा क्रँक आखूड असतो, त्यामुळे तिथे सूत्राचं उत्तर थोडं चुकेल.

मग ताळा पाहावा. एकाने सायकल घट्ट धरावी. बसणाऱ्याने टाच पायडलवर ठेवून तो सर्वांत खाली न्यावा. पाय बरोबर सरळ झाला पाहिजे. आता पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. फेरा मारताना कंबर डावी-उजवीकडे झुकत असेल तर सीट अर्धा सेंटिमीटर खाली घ्यावी. सीट सपाट ठेवावी. टोक खाली झुकवलं तर शरीर पुढे घसरतं आणि भार मनगटांवर येतो. खांदे आखडत असतील तर हँडल जरा वर घेऊन पाहावं. सीटच्या आणि हँडलच्या दांड्यावर जी मर्यादेची खूण असते, ती नळीच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर दिसू लागली तर दांडा निसटण्याचा किंवा वाकण्याचा धोका असतो. अशा वेळी ती सायकलच त्या मुलासाठी लहान आहे असं समजावं.

जो अजून शिकतो आहे, त्याच्यासाठी मात्र जमिनीचं मापच योग्य. पायडल काढून ठेवले आणि सीट खाली घेतली तर मूल पायांनी रेटत आधी तोल शिकतं, अगदी ड्राइससारखं. तोल आला की पायडल लावावेत, आणि पुढे थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकण्याचा सराव मोकळ्या मैदानावर करून घ्यावा. तो जमला की सीट आठवड्याला एक-एक सेंटिमीटर वर न्यावी. एकदम उंच केली तर मुलं घाबरतात आणि घरी जाऊन पुन्हा खाली करतात.

वर्गाचा तक्ताही करता येईल. नाव, पायाची आतली लांबी, सूत्राने आलेली उंची, सीटची आत्ताची उंची आणि दोन्हींतला फरक. मुलगे आणि मुली यांच्या फरकांची सरासरी वेगवेगळी काढावी. कुणाची सीट जास्त खाली आहे आणि का, यावर मुलांनाच बोलू द्यावं. घरी सायकल आणखी कोण वापरतं, पडण्याची भीती कुणाला जास्त वाटते, ते त्यातून कळेल. महिन्याने पुन्हा मोजून, शाळेत यायला किती वेळ लागतो आणि काय दुखायचं थांबलं, तेही लिहून घ्यावं.

शाळेच्या विज्ञानपेटीत भिंग असतं, चुंबक असतो, परीक्षानळ्या असतात. त्यांच्या शेजारी एक मोजपट्टी आणि सीटच्या नटाला बसेल असा एक पाना ठेवायला हरकत नाही.